डॅशबोर्डवरून उतरलेली मूर्ती

पोलिसाची नोकरी मी लवकरच सोडली, पण एक केस अजून मनातून उतरलेली नाही. तेव्हा मी बीदरमध्ये उपनिरीक्षक होते.

एका सकाळी शहराच्या नौबाद भागातला एक सरकारी शाळेचा मास्तर लेखी तक्रार घेऊन आला. दारासमोरची गाडी चोरीला गेली होती. परदेशी बनावटीची, बारा वर्षं जुनी, हैदराबादहून साध्या गाडीच्या किमतीत घेतलेली. अर्जासोबत फोटो होता: मागच्या सीटवर त्याचे वडील, डॅशबोर्डवर छोटी पांढरी बुद्धमूर्ती.

गुन्हा नोंदवण्याआधी जागा पाहून या, असं साहेबांनी सांगितलं. मी हवालदारांना घेऊन गेले. शेजारीण कठड्यावरूनच बोलली, "चोरानं नेली म्हणं! तिला उठवायलाच अर्धा तास लागायचा, अक्का."

त्या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या होत्या. त्या गळायच्या आणि उभी गाडी पोटावर बसायची. एक पिशवी बदलायला मास्तरचा महिन्याचा पगार जायचा, तोवर दुसरी गळायची. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला," हवालदार पुटपुटले.

घरात वडिलांनी पाणी दिलं. टीव्हीजवळ तीच मूर्ती होती, जरा कलती. पायाखालची चिकटपट्टी अजून तशीच होती, तिला काळी धूळ लागलेली. मी पाहतेय हे वडिलांनी पाहिलं. मी नजर खाली घेतली. चारचौघांत कुणाला अडचणीचं विचारायचा मला संकोच वाटायचा. पक्का पुरावा नसताना बोलू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"काही खटकलं?" ठाण्यात परतल्यावर साहेबांनी विचारलं.

"नाही, सर."

गुन्हा नोंदवला गेला. त्या कागदावर मास्तरने विम्याचा दावा केला.

तीन आठवड्यांनी एका मिस्त्रीचा फोन आला. "मॅडम, आळंद गावच्या भंगारात पिशव्यांत हवा भरायचा एक पंप विकायला आलाय. त्या मास्तरच्या गाडीचा हाय. म्याच बसवला होता, माझं वेल्डिंग मी वळखणार न्हाई व्हय?"

आळंदला गाडीचे सुटे भाग सापडले. भंगारवाल्याने मास्तरचं नाव सांगितलं.

चौकशीत मास्तर तासभर चोरीचंच सांगत राहिला. मग मी फोटो पुढे ठेवला आणि मूर्तीवर बोट ठेवलं. "ही घरात कशी?"

त्याने फोटो पालथा घातला.

"गाडी विकायचीस की सरळ," हवालदार म्हणाले.

"कोण घेतंय, अण्णा? पंपाचा आवाज ऐकूनच गिऱ्हाईक माघारी जायचं."

"मग मूर्ती कामून काढलास?"

"बुद्धाला भंगारात कसं घालू?" एवढं म्हणून तो रडायला लागला.

वडिलांनी तीस वर्षं एका अधिकाऱ्याची गाडी चालवली होती. त्यांनी एकदा तरी तसल्या गाडीत मागे बसावं, म्हणून त्याने ती घेतली होती. मिरवून झाल्यावर ती दारात बसली आणि गल्ली हसू लागली.

खोटी फिर्याद आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. अटक झाली, मागोमाग निलंबन आलं. वरिष्ठांनी माझ्या तपासाचं कौतुक केलं. मला ते ऐकवेना. त्या पहिल्या सकाळी मी मूर्तीबद्दल एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित मास्तरने तिथेच अर्ज मागे घेतला असता. नजर तीक्ष्ण असणं पोलिसाला पुरत नाही, वेळेवर तोंडही उघडावं लागतं, हे मी त्या केसमध्ये शिकले. पण त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

जामिनाच्या दिवशी वडील कोर्टाच्या पायरीवर बसले होते. मी त्यांची नजर चुकवून निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"मॅडम, त्या दिवशी मूर्ती तुम्ही बघितली. माझ्या तर आदल्या दिवशीच ध्यानात आलं होतं." ते थोडं सरकले आणि मला बसायला जागा केली. "पोराला विचारायचं धाडस मलाबी झालं न्हाई."