कंपायलर आणि सासऱ्यांचे चार माग

माझ्यामुळे माझे सासरे एका दुपारी जिवंतपणी वारले. या पापाची कबुली आज देऊन टाकतो.

साल १९७९. सोलापुरात सासऱ्यांच्या घरातच विजेवर चालणारे चार माग होते. मोराच्या चादरीचा नमुना शनिवारी व्यापाऱ्याला दाखवायचा होता. पसंत पडला तर वर्षभराचं काम. नक्षीसाठी मागाला लावायच्या पुठ्ठ्यांना कुठे भोकं पाडायची, हे सासरे चौकटीच्या कागदावर दोन दिवस बसून ठरवत. सोमवारी मी म्हणालो, "मामा, माझा संगणक तासाभरात काढून देईल."

(संगणक म्हणजे अमेरिकेतल्या मेहुण्याने वापरून झाल्यावर मला दिलेलं जुनं घरगुती यंत्र!)

आपण लिहिलेलं यंत्राला समजावून सांगायला कंपायलर नावाचा दुभाषा लागतो. मेहुण्याने दोन कॅसेटी दिल्या होत्या, एकीत छोटा, एकीत मोठा. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, "दाजी, छोटाच घ्या." पण एम.एस्सी. झालेल्या माणसाने छोटा घ्यायचा? मी मोठा घेतला. (ते पत्र बायकोने अजून पाहिलेलं नाही. हे वाचून तिला कळेलच.)

टेपरेकॉर्डरवरून कंपायलर यंत्रात उतरायला चाळीस मिनिटं लागत. अडतिसाव्या मिनिटाला मागांमुळे वीज क्षणभर जायची आणि सगळं पुसलं जायचं. असं तीनदा झालं. शेवटी मी चाचरत सांगितलं की माग बंद ठेवावे लागतील. जावयाचा मान म्हणून सासऱ्यांनी चारही थांबवले.

त्या गल्लीत भरदुपारी एखाद्या घरचे सगळे माग थांबतात ते एकाच कारणाने. दहा मिनिटांत शेजारचे नागप्पा टोपी काढून आत आले. मागे डोळ्यांना पदर लावलेल्या चार बायका, एकीच्या हातात दुःखाच्या घरी नेतात ते पिठलं-भाकरीचं टोपलं. सासरे खाटेवर चहा पीत होते.

नागप्पांनी टोपी परत डोक्यावर ठेवली.

"तुमी तर हाय की हितं. मग गेलं कोण?"

"कोण न्हाय. जावईबापू मोर काढायलेत."

"माग बंद ठिवून?"

"त्यांचं मशीन लई लाजाळू हाय."

कुणीच परत गेलं नाही. सगळ्यांनी पिठलं-भाकरी खात वाट पाहिली. चाळिसाव्या मिनिटाला कंपायलर पूर्ण उतरला! मी पहिली ओळ लिहिली आणि पडद्यावर उत्तर आलं, जागा शिल्लक नाही. सगळी जागा कंपायलरनेच अडवली होती. मोराचं एक पीसही मावेना.

सासऱ्यांनी माग सुरू केले आणि चौकटीचा कागद पुढे ओढला. बुधवारी मोर कागदावर उतरला, शनिवारी चादरीवर. काम मिळालं.

तेव्हापासून सासऱ्यांचे माग थांबले तरी गल्लीतलं कुणी रडत येत नाही. आधी खिडकीतून विचारतात, "जावई आलेत व्हय?"