आठ पाऊण सहा : पैठणहून समुद्राच्या भरतीपर्यंत

अक्काचा फोन आला तेव्हा मी हर्सूल तलावाभोवती दुसरी फेरी मारत होतो.

"नाना, मनीषाला घिऊन यायचं. तू चल संगं. माझ्यापेक्षा तुझं ऐकंल ती."

अक्का माझी थोरली बहीण, एकोणसत्तरची. पैठणच्या अलीकडे, जायकवाडीच्या पाण्याला लागून असलेल्या गावात राहते. मेहुणे गेल्यापासून घरात ती आणि सहा शेळ्या. मनीषा तिची उशिरा झालेली एकुलती लेक. तीन वर्षांपासून ती गुहागर तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या आणि शाळेच्या मुलांना समुद्र शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. आता पैठणच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची जागा निघाली होती. सोमवारी संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा होता. मनीषा फोनवर नुसतं "बघू" म्हणत होती.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला अशी मुदत लगेच समजते. शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी : संभाजीनगरहून थेट कोकण गाठायचा हट्ट धरू नका, पाठ धरते. आम्ही पहिल्या दिवशी पुण्यापर्यंत गेलो आणि चुलतभावाकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून कराड, पाटण, कुंभार्ली घाट आणि चिपळूण. एसटीत अक्काला महिला म्हणून अर्धं तिकीट, मला ज्येष्ठ म्हणून अर्धं. "म्हंजे आपण दोघं मिळून एकच माणूस," अक्का कंडक्टरला म्हणाली. तो म्हणाला, "मावशी, मग एकाच शिटावर बसा." घाटात मळमळत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा. अक्काने पूर्ण घाट डोळे मिटून काढला. मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात पंधरा धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि मनीषाला आवडतो म्हणून भाजलेला हुरडा होता.

चिपळूणहून दुसरी एसटी धरून आम्ही गावात पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मनीषा स्टॉपवर उभी होती. रंग रापलेला, केस खांद्यापर्यंत कापलेले. अक्काने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"किती वाळलीस गं!"

"आई, चार किलो वाढलेय."

"वाढली आसंल. दिसत नाय."

राहायची सोय सुलभाकाकींच्या घरी होती. त्या मासेमारी करणाऱ्या खारवी घरातल्या. नवरा होडी घेऊन जातो, त्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. दोन वेळचं जेवण धरून माणशी हजार-बाराशे. मासे खात नसाल तर आधी सांगा. अक्का खात नाही, तरी काकींनी तिला कुळथाचं पिठलं असं वाढलं की तिने तिसऱ्यांदा भात मागितला.

जेवणाआधी आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. अक्का आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहत होती. पाणी खूप लांब होतं. अलीकडे काळा खडक उघडा पडलेला, खाचांत डबकी साचलेली.

"पाणी हटलंय की," ती म्हणाली. तिच्या आवाजात ओळख होती. जायकवाडीचं पाणी दिवाळीनंतर हटायला लागतं. मागे उरलेल्या गाळात लोक हरभरा टाकतात, पुढे खरबूज लावतात. अक्का दर आठवड्याला पाण्याच्या कडेला एक काडी रोवते. पुढच्या आठवड्याला पाणी काडीच्या पुढे गेलेलं असतं. मागे फिरून येतं ते पावसाळ्यात. पन्नास वर्षं तिने हेच पाहिलंय.

रविवारी सकाळी सातला मनीषा कामाला निघाली. सोबत गावच्या शाळेची बारा मुलं. आम्हीही गेलो. पाणी आदल्या संध्याकाळइतकंच लांब होतं. मध्यरात्री ते पार वाळूपर्यंत येऊन गेलं होतं, पण आम्ही झोपेत होतो.

काम असं चालतं. खडकावर एक दोरी वरून पाण्यापर्यंत ताणायची. ठरलेल्या जागी लोखंडी चौकट ठेवायची आणि चौकटीत किती शिंपले, किती गोगलगायी, किती शेवाळ, ते मोजून लिहायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्र सगळ्यात लांब जातो, तेव्हा हे करायचं. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा. खाली कोणाचं तरी घर असतं.

अक्काने पिशवी आणि चपला पार खालच्या एका सपाट खडकावर ठेवल्या आणि पोरांसोबत मोजायला बसली. शेळ्यांच्या कळपात एक कमी असली तरी तिला लांबून कळतं. तिचा आकडा आणि मनीषाचा आकडा जुळला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

साडेनऊनंतर केव्हातरी एक मुलगी ओरडली, "आज्जी, तुमची बॅग चालली फिरायला!"

खडकाभोवती पाणी आलं होतं. चपला तरंगत होत्या.

"आई, तिथं कशाला ठेवलीस?"

"हटल्यालं पानी एवढ्यात माघारी येतंय व्हय?"

"सहा तासांनी येतं. फोनवर किती वेळा सांगितलं!"

"सांगितलंस. मला वाटलं, पाऊस पडल्यावर येत आसंल."

मुलं खो-खो हसली. मनीषा मात्र निघाली होती. दोन लाटा जाऊ दिल्या, मग तिसरीच्या मागोमाग कमरेइतक्या पाण्यात शिरली, पिशवी डोक्यावर घेतली आणि कुठे पाय ठेवायचा हे न बघता परत आली. एक चप्पल मिळाली नाही. अक्का हसत नव्हती. ती लेकीच्या पायांकडे पाहत होती.

ओली धपाटी फेकून द्यायची नाहीत असं मुलांनी ठरवलं. "मीठ जरा जास्त झालंय आज्जी," म्हणत त्यांनी सगळी संपवली.

दुपारी मी विषय काढला. अक्का पलीकडे काकींशी बोलत बसली होती, पण कान इकडेच.

"मामा, पगार तिथं जास्त आहे, मला माहितेय," मनीषा म्हणाली. "पण ती दोरी तीन वर्षं मी धरलीय. एक ओहोटी चुकली तर वहीत ती ओळ कायमची कोरी राहते. मागं जाऊन मोजता येत नाही." मग म्हणाली, "आईनं चल म्हटलं तर मी येईन. तिला नाही म्हणायची हिंमत नाही माझ्यात."

म्हणजे आता सगळं अक्काच्या एका शब्दावर होतं. तिने तो शब्द त्या दिवशी काढला नाही. काकींना विचारलं, "पानी कवा येतंय, कवा जातंय, तुमाला कसं कळतं?"

"तिथीला पाऊणनं गुणायचं. आज तृतीया, म्हणजे सव्वादोनला भरती. त्याच्या सहा तास आधी-नंतर सुकती, म्हणजे ओहोटी."

अक्का चौथीपर्यंत शिकली. त्या काळी पोरांकडून पाऊणकी पाठ करून घेत. तिने डोळे मिटले आणि शाळेच्या सुरात सुरू केलं : एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन... काकी थक्क. तिथी तर तिला कॅलेंडरशिवाय येते.

सोमवारी सकाळी आम्ही स्टॉपवर उभे होतो. मनीषाने राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवला होता. तो तिच्या हातात दिसत होता. एसटी वळणावर आली. अक्काने काकींनी दिलेल्या नव्या चपला पायात सारल्या, पिशवी उचलली.

"आई?"

"त्या कालेजाला नाय म्हून कळीव," अक्का म्हणाली. "आजच कळीव, लोकं वाट बघत्यात. आन् उद्याची ओहोटी धर."

गाडी सुटल्यावर तिने मागे पाहिलं नाही. कराडला गाडी थांबली. मग म्हणाली, "नाना, तू काय बोलूच नको."

खर्च म्हणाल तर दोघांचा पाच दिवसांचा सगळा मिळून आठ हजारांच्या आत झाला. जायचं तर हिवाळ्यात जा, आणि निघण्याआधी तिथी बघा. दोरी ताणून मोजणाऱ्या माणसांना पाहुण्यांची अडचण होत नाही, फक्त दगड परत जागेवर ठेवा.

परवा पैठणला गेलो होतो. अक्का पाण्याच्या कडेला बसली होती. शेळ्या गाळातल्या हिरव्यात. तिने रोवलेली काडी पाण्यापासून चार हात मागे पडलेली. समोर जायकवाडीचं पाणी परातीतल्यासारखं स्थिर. मी शेजारी बसलो, तशी तिने माझ्या घड्याळात डोकावून पाहिलं.

"ओहोटीला ती कामावर. फोन उचलत नाय. भरतीला मोकळी आसती."

"आज किती वाजता भरती?"

"आष्टमी हाय," ती म्हणाली. "आठ पाऊण सहा."

सहाला दहा मिनिटं होती. अक्का फोन मुठीत धरून, न हलणाऱ्या पाण्याकडे बघत बसली.