मॅनिफोल्ड जागेवर, मोटार खाजणात

महादू मिस्त्रींवर अन्याय झाला तो यंदाच्या, म्हणजे १९६५ सालच्या, होळीच्या आदल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, तारापूरला, आमच्या वाडीच्या उतारावर. अन्याय करणारा मी. साक्षीदार सगळा गाव.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक म्हातारी विलायती मोटार होती. तिच्या मॅनिफोल्डला चीर पडली. (मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा बिडाचा जाडजूड पाइप. हे मला त्याच आठवड्यात कळले होते. पण पत्रक काढायला तेवढे ज्ञान पुरते!) कुंभवलीहून महादू मिस्त्री आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "नट गंजून बसलेत. तीन दिस रॉकेल पाजायचं, मंग हात लावायचा."

"तीन दिवस? एका पाइपाला?"

"घाई केली तर तुटंल, भाऊ."

झाले! मी तोवर कोणत्याही अन्यायावर चोवीस तासांत पत्रक काढत असे. अन्याय सापडला नाही तर छत्तीस लागत. पालघरहून तीनशे प्रती छापून आणल्या. 'मिस्त्रीशाहीचा बुरखा फाडा! अर्ध्या तासाच्या कामाला तीन दिवस कशाला? रविवारी दहा वाजता जनता स्वतः मॅनिफोल्ड काढील!' बोईसरच्या बाजारात हातोहात वाटल्या. शनिवारपर्यंत मिस्त्रींच्या दारात दुरुस्तीला उभे असलेले दोन ट्रक मालकांनी परत नेले. मला तो जनतेचा विजय वाटला. (हे वाक्य मी तीनदा खोडले. पण वाटले होते खरे.)

रविवारी वाडीत जत्रा! भाषणाला जरा उंची हवी म्हणून मी मोटारीच्या चाकाखालचा दगड काढून त्यावर उभा राहिलो. मोटारीचा ब्रेक म्हणजे तोच दगड, हे घरात कुत्र्यालाही ठाऊक होते. पण मी भाषणाच्या भरात होतो, आणि चाके मातीत जरा रुतलेली असल्याने मोटारही अजून जागीच होती.

भाषण संपवून पाना लावला. पहिला नट बोल्टासकट तुटून हातात आला. "निघाला!" मी ओरडलो. टाळ्या! उरलेले चारही असेच 'निघाले'. मॅनिफोल्ड मात्र ढिम्म.

गर्दीच्या मागून मिस्त्रींचा आवाज आला, "भाऊ, पाठीमागं अजून एक नट हाय. दिसत नाय, हाताला लागतो."

"लोकांची दिशाभूल करू नका!" मी गरजलो. पुन्हा टाळ्या.

पुढे आला आमचा रामा तांडेल. "धाकलं मालक, व्हडी वढतो तसा वढून काढू की!" जनशक्ती म्हणतात ती हीच! होडीचा जाड दोर आला, मॅनिफोल्डला गाठ बसली, उताराच्या बाजूला वीस माणसे उभी राहिली. सगळ्यांत पुढे, दोर कमरेला गुंडाळून, नेतृत्व.

"हैया हो! हैया हो!"

"हलला! हलला!" बाया ओरडल्या.

हलला होता. मोटारीसकट हलला होता!

एकोणीस माणसांनी दोर सोडला. बाजूला व्हायला त्यांना वेळ मिळाला. नेतृत्वाला मिळाला नाही. उतार संपेपर्यंत मी मोटारीच्या पुढे धावत होतो, नंतर आम्ही दोघे खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलात बसलो. ती दिव्यांपर्यंत, मी बगलेपर्यंत.

ओटीवरून अण्णांनी विचारले, "काय रे, निघाला का?"

"अजून नाही, अण्णा."

तेव्हा कुणी हसले असते तर बरे वाटले असते. पण सगळे मिस्त्रींकडे पाहत होते. त्यांनी चपला काढल्या, लेंगा वर खोचला आणि चिखलात उतरले. त्याच वीस माणसांकडून, त्याच दोराने मोटार वर ओढून घेतली. पण दोर बांधला योग्य जागी, आणि आधी मला सोडवून!

"आता रॉकेल पाज," अण्णा म्हणाले. "तू. सकाळ-संध्याकाळ."

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी मागे हात घातला. तो न दिसणारा नट दोन बोटांनी निघाला. मी 'काढलेल्या' पाच बोल्टांचे आत राहिलेले तुकडे कोरून काढायला मात्र त्यांना आठवडा लागला. अर्ध्या तासाचे काम, जनतेच्या कृपेने, अकरा दिवस!

नवा पाइप बसवण्याआधी, तो आणि इंजिन यांच्यामध्ये बसणाऱ्या पत्र्याचे माप घ्यायला त्यांनी खिशातून एक कागद काढला, इंजिनावर धरला आणि हातोडीने हलकेच ठोकून भोके उमटवली. माझेच पत्रक! 'बुरखा' शब्दाच्या जागी गोल भोक पडले.

"कागद चांगला जाड हाय, भाऊ. अजून हायेत?"

टोमणा असता तर मी उत्तर दिले असते. त्यांना खरोखरच कागद हवा होता. उरलेला गठ्ठा दिला. माफी तेवढी मागायची राहिली, म्हणून ती इथे छापतो आहे.

ते दोन ट्रक अजून परतलेले नाहीत. तेव्हा बोईसरकरांनो, ज्यांनी माझे पत्रक घेतले होते त्यांनी आपली गाडी उद्याच कुंभवलीला न्यावी. मिस्त्री तीन दिवस म्हणाले तर तीन दिवस थांबावे. आणि मध्येच मी दोर घेऊन मदतीला आलो, तर आधी मला बांधावे!