कोंडवाड्याचं झेंडावंदन

कैदी आपल्या पायांनी आत येतात आणि सुटका झाली की तोंड पाडून जातात, असा तुरुंग अख्ख्या हिंदुस्थानात एकच होता, आणि तो आमच्या शाळेच्या भिंतीला लागून होता. एकोणीसशे साठच्या सुमारास घाटंजीकडच्या एका गावात मी मास्तरकी करत होतो. तिथल्या कोंडवाड्याचे रखवालदार म्हणजे आमचे कोंडवाडेवाले मामा. लोकांच्या पिकात शिरलेली गुरं कोंडायची आणि मालक दंड भरेपर्यंत सोडायची नाहीत, एवढंच त्यांचं काम. पण मामांच्या लेखी प्रत्येक जनावर म्हणजे माहेरी आलेली लेक. घरून आलेली भाकर ते म्हशीला चारत आणि स्वतः माझ्या दारात येऊन "मास्तर, च्या हाय का?" म्हणून विचारत. गुरं सोडवायला आलेल्या मालकाला तर ते नाठाळ जावयासारखं फैलावर घेत. "आता आठवण झाली का? अन् पाठीवर हे वळ कायचे?" एका बड्या पाटलाला त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून पुन्हा मारणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, तेव्हा मी आ वासून बघतच राहिलो. त्याहून धक्का बसला तो आठवड्याभरानं. तोच बैल दावं तोडून पुन्हा कोंडवाड्याच्या फाटकाशी हजर होता.

त्या कोंडवाड्यात एक पांढरी, लंगडी, म्हातारी गाय होती. तिला मालकच नव्हता. बेवारस गुरांच्या लिलावातही तिच्यावर कुणी बोली लावत नसे. ती दिवसभर बसून असायची, कुणासाठी म्हणून उठायची नाही.

एका पंधरा ऑगस्टला सकाळी मी भिंतीपलीकडे डोकावलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. धुतलेलं धोतर नि पांढरी टोपी घालून मामांनी फाटक सताड उघडलं होतं.

"मामा, हे काय? नोकरी जाईल की!"

"जाऊ द्या. आजच्या दिवशी जेलातले कैदी सोडतेत म्हणे. माह्या जनावरायनं त्याहून मोठा गुन्हा केला का जी?"

पण एकही जनावर हललं नाही. मामांनी गाईपुढे हात जोडले. "जा न माय, स्वातंत्र्य हाय आज." गाय रवंथ करत राहिली. मामांचा चेहरा पार उतरला. "मास्तर, हे जाऊन काहून नाही राह्यले?" तेवढ्यात शाळेचा ढोल वाजला. मामांनी आजवर झेंडावंदन चुकवलं नव्हतं. फाटक उघडं टाकून ते मैदानाकडे निघाले.

पाहुणे आले होते, सरपंच नवा कोट घालून उभे होते. झेंडा वर गेला, फुलं पडली, पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. मामा शेवटच्या रांगेत ताठ उभे. आणि त्यांच्या मागोमाग मैदानात आले बैल, म्हशी, शेळ्या आणि सगळ्यांच्या शेवटी लंगडत ती गाय! राष्ट्रगीत चाललेलं, हलायची सोय नाही. एक शेळी सावकाश टेबलापाशी गेली आणि पाहुण्यांसाठी आणलेला हार खाऊ लागली. पाहुणे बघतायत, सरपंच बघतायत, अख्खा गाव बघतोय, आणि सगळे सावधान! 'जय हे' संपेपर्यंत हाराचा नुसता दोरा उरला होता.

मग सरपंच कडाडले, "कोणी सोडले हे ढोरं?"

मामांनी मागे वळून पाहिलं आणि सगळ्यांत जास्त हादरले ते स्वतःच. "मीच सोडले जी. पण ते माह्याच मांगं आले. आता मी का करू?"

गावानं वर्षभर ही गोष्ट हसून हसून सांगितली. मामांची नोकरी मात्र त्याच दिवशी गेली. कोंडवाड्यात पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीदही मिळाली.

पुढच्या पंधरा ऑगस्टला फाटकाला भलं मोठं कुलूप होतं. नव्या रखवालदारानं दंडही चोख वसूल केला होता आणि गुरांच्या बरगड्याही वर आणल्या होत्या. ढोल वाजला तशी ती म्हातारी गाय, कधी कुणासाठी न उठणारी, उठली आणि लंगडत येऊन फाटकाला तोंड लावून उभी राहिली. मुलांपुढे उभ्या मास्तरानं रडू नये म्हणतात, पण मला आवरलं नाही.

त्याच आठवड्यात मामा गावच्या बाजारात भेटले. पोळा जवळ आला होता, ते बैलांच्या घुंगरमाळा विकत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली घुंगरमाळ खाली ठेवली.

"उठली? आपल्या मनानं?"

"हो."

"अन् कुलूप होतं?"

मी मान हलवली. मामा धोतर झटकून उठले. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला आता आत कोण घेणार?"

"नका घेऊ म्हणा. फाटकाच्या भायेर उभं तं राहता येते न?"

ते कोंडवाड्याच्या वाटेला लागले. मी त्यांच्या घुंगरमाळा राखत बसलो. बाजार उठला तरी ते परत आले नव्हते.