नाकातली पिचकारी

दवाखान्यातले रोगी बरे झाले की आपापल्या घरी जातात, त्यांचे किस्से मात्र कंपाउंडरच्या घरी मुक्कामाला येतात! मुरुडला मी कंपाउंडर होतो तेव्हा एका पिचकारीनेच इतके किस्से धाडले, की बायको विचारायची, "तिथे औषधंही देता का हो?"

ही पिचकारी मुंबईहून आगबोटीने आली. काचेची बाटली आणि तिला रबरी फुगा. फुगा दाबला की औषधाचं धुकं नाकात! डॉक्टरांनी पहिला प्रयोग अर्थातच माझ्यावर केला.

"औषध नाकाच्या आत, सुजलेल्या भागावर बसलं पाहिजे. जोरात ओढलंस तर घशात जाईल. हळू, फूल हुंगल्यासारखं!"

मी फूल हुंगलं आणि अशी शिंक दिली की डॉक्टरांचा चष्मा न्हाऊन निघाला.

"डोस पोचला," चष्मा पुसत ते म्हणाले, "पण मला!"

*

चोंदलेलं नाक घेऊन आमचे भटजीबुवा आले. चाळीस वर्षं तपकीर ओढलेलं ते नाक. 'हळू' हा शब्दच त्याला ठाऊक नव्हता. फुगा दाबला मात्र, बुवांनी असा सुरका मारला की औषध थेट घशात!

"कडू आहे हो," बुवा म्हणाले.

"चव घ्यायची नव्हती, बुवा!" डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी तपकीर बंद केली. आठवड्याने बुवांनी मला कोपऱ्यात घेतलं. "काय रे, ह्या बाटलीतच थोडी तपकीर कालवून देशील?"

*

होडी हाकणाऱ्या एका तांडेलाची तऱ्हाच निराळी. पिचकारी जवळ आली की गडी दोन बोटांनी नाक गच्च धरायचा आणि गाल फुगवून बसायचा.

"अरे, बुडवत नाही मी तुला!"

"काय करू डाक्तर? नाकात पानी म्हंजे होडी उलाटली!"

तीन दिवसांनी नाक मोकळं झालं, तेव्हा गड्याने दोन पापलेटं आणली. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. "शिव शिव! मी मासळीला हात लावत नाही." बाकावरच्या भटजीबुवांनी कौतुकाने मान डोलावली.

*

आणि हिराबाय! बाजारातली सगळ्यात तिखट जिभेची कोळीण, पण त्या दिवशी दारातच रडायला लागली. दोन महिने सर्दीने नाक बंद. नकळत जुन्या गिऱ्हाइकाला शिळा हलवा मासा विकला आणि गिऱ्हाइकं तुटायला लागली.

"वासच येत न्हाय, डाक्तर. नाक गेल्याली कोलीन टोपली कशाला उचलील?"

मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी रोज बोलावलं, रोज शिकवलं. मान जरा पुढे, नाकातलं पिचकारीचं टोक कानाच्या दिशेला, श्वास हळू. बाई मन लावून करायची. नाक हळूहळू मोकळं होत गेलं, पण वास काही येईना. दहा दिवस गेले. डॉक्टरही मनातून खचले होते.

अकराव्या दिवशी दुपारी पिचकारी झाली आणि हिराबाय एकदम ताठ बसली.

"आला! डाक्तर, वास आला!" तिचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू!

डॉक्टर आनंदाने टुणकन उठले. "कसला? फरशी पुसलेल्या कार्बोलिकचा ना?"

हिराबाय उठली, हुंगत हुंगत औषधाच्या कपाटापाशी गेली आणि वर ठेवलेल्या डॉक्टरांच्या जेवणाच्या डब्याशी थांबली.

"मासळी हाय! आन् परवाची हाय!"

डॉक्टरांच्या हातातला फुगा दाबला जाऊन औषध हवेत उडालं.

बाकावरचे भटजीबुवा सावकाश उठले. मान जरा पुढे केली आणि फूल हुंगल्यासारखा हळू श्वास घेतला.

"परवाचीच," बुवा म्हणाले. "सुरमई."