जून संपला की ईआय

आमचे किस्से सांगायला बसलो, तर बसच्या सीटखालच्या हातमोज्यांसारखे निघतच राहतात. मी कॅनडात, स्कारबरोत स्कूल बस चालवतो. जूनअखेर शाळा बंद, आमचा पगार बंद. मग सप्टेंबरपर्यंत ईआय, म्हणजे बेकारीचा विमा. तो मंजूर होईपर्यंत सगळे रोज टपालपेटी उघडून बघतात.

*

पहिल्या वर्षी मी अप्लायच केलं नाही. "मी हात पसरणार नाही," असं बस कंपनीच्या ऑफिसवालीला सांगितलं.

ती म्हणाली, "अंकल, त्या विम्याचा हप्ता तुमच्याच पगारातून कापतात!"

पे स्लिप बघितली. खरंच होतं. दुसऱ्या वर्षी अर्ज करणारा पहिला मी!

*

गुरमीत आमचा दुसरा ड्रायव्हर. ईआय चालू असेतो दर दोन आठवड्यांनी रिपोर्ट भरावा लागतो. त्यात विचारतात, देशाबाहेर होता का? याने 'हो' केलं. पैसे अडकले. बिचारा घाबरून माझ्याकडे आला.

"गेला होतास कुठे?"

"नायगारा. अंकल, सामने अमेरिका दिख रहा था!"

*

खरी धास्ती शोभाची. ती आमच्याच शाळेच्या लंचरूममध्ये पोरांचे डबे उघडून देते, टेबलं पुसते. नवरा आजारी, भाडं तिच्यावर. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर आम्ही तिचा अर्ज भरला. कामाच्या रकान्यात तिने लिहिलं, टीचर.

"अगं, टीचर कुठे तू?"

"काका, पोरं टीचरच म्हणतात. नाशिकला सगळ्यांना तेच सांगितलंय."

मी अर्ज तसाच पाठवून दिला. चूक माझीही.

पत्र आलं. शिक्षकांना उन्हाळी सुट्टीत ईआय मिळत नाही!

"फोन करून खरं सांग," मी म्हणालो.

"लाज वाटते हो, काका."

"मग भाडं काय नाशिकवाले भरणार?"

तिने फोन केला. ईआयचे साहेब उलट फोन करतील, असं कळलं.

*

तो फोन आला तेव्हा तिच्या घरी तिच्या लेकीच्या सासूबाई बसलेल्या. नाशिकहून आलेल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ ताठ, नजर कडक. शोभाचं इंग्रजी कच्चं म्हणून मला बोलावलेलं. माझं त्याहून कच्चं! फोन स्पीकरवर.

"मॅडम, आर यू अ टीचर?"

शोभा विहीणबाईंकडे बघत राहिली. साहेबाने पुन्हा विचारलं. मी टेबलावर बोट आपटलं.

"नो," ती म्हणाली. "आय ओपन लंच बॉक्स. आय क्लीन टेबल. नो टीचर."

"ओके. आय विल करेक्ट इट. यू विल गेट युवर पेमेंट."

फोन बंद झाला. शोभाने मान वर केली नाही. विहीणबाईंसाठी केलेले पोहे गार झाले. मीही उठावं की बसावं, कळेना.

विहीणबाई उठल्या. लेक होती त्या आतल्या खोलीचं दार लोटून आल्या, शोभाजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या,

"तुमच्या लेकीला सांगू नका हं. मी शाळेत घंटा द्यायचे!"