इवायाचा माईक आणि माझी मान

मागच्या जत्रेत मला ढाल द्यायला बोलावलं होतं. ट्रॅक्टर रिव्हर्स स्पर्धेची ढाल. निवेदक माईकवर म्हणाला, "योग्य वेळी थांबावं कसं, हे कुणाकडून शिकावं तर यांच्याकडून." टाळ्या पडल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला, हात जोडले आणि घरी येऊन गप्प बसलो. मी एरवीही गप्पच असतो, त्यामुळं घरात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पण ते वाक्य आत टोचत राहिलं, कारण ते खोटं आहे. खरं काय ते आता सांगून टाकतो. ऐकून शाल परत मागितली तर देईन. नारळ खाऊन झालाय.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोकळ्या रानात पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा मारतात. त्यांच्यामधून ट्रॅक्टर मागं न्यायचा, आणि तोही मागं चार चाकी ट्रॉली जोडून. आरसे काढून ठेवायचे. चाक रेघेला लागलं की बाद. सगळ्यात कमी वेळात पोचेल त्याची ढाल. ज्या ट्रॅक्टरनं सकाळी सोयाबीनची पोती ओढली, तोच दुपारी धुऊन, हार घालून स्पर्धेला उभा राहतो. चार चाकी ट्रॉली मागं नेताना तिला डावीकडं पाठवायची असेल तर स्टेअरिंग कुठं फिरवायचं, हे शब्दांत सांगता येत नाही. गादीवर अर्धं उठायचं, एक हात मडगार्डवर, मान पूर्ण मागं, आणि हात आपोआप चालले पाहिजेत. म्हणजे सगळा खेळ मानेचा.

नांदेड-लातूरच्या पट्ट्यात आमच्या बरोबरीचे जे जुने चालवणारे होते, ते कसे थांबले हे पाहण्यासारखं आहे. एकजण सरपंच झाला आणि त्याला स्टेजवर बसायची सवय लागली. एकाच्या बायकोनं चावी माहेरी नेऊन ठेवली. चावी आणायला सासुरवाडीला जावं लागणार म्हणून त्यानं खेळच सोडला. एकानं केबिनवाला ट्रॅक्टर घेतला, आत एसी, गाणी, आणि मग उन्हात मान वळवायचा त्याला कंटाळा आला. आता वय झालं म्हणून थांबलो, असं म्हणणारा मला एकही भेटला नाही.

राहिलो दोघं. भोकरकडचा मी, आणि अहमदपूरकडचे माझे इवाई, म्हणजे व्याही. माझी लेक त्यांच्या घरी सून म्हणून गेली, तीसुद्धा अशाच एका स्पर्धेत झालेल्या ओळखीतून. सोयरीक जुळली तरी फक्कीवरची खुन्नस काही गेली नाही. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली, आणि कुणीच आधी उतरायला तयार नाही. इवाई थांबले तर मी थांबणार, मी थांबलो तर ते थांबणार. असं करत आम्ही माझ्या जावयाच्या वयाच्या पोरांशी खेळत होतो.

शेवटी एकदा त्यांच्या ओसरीवर जेवण झाल्यावर इवाईच म्हणाले, "इवाई, आपण दोघं एकाच दिवशी उतरू. माझ्या गावच्या स्पर्धेत. आधी कोण, मागं कोण, हा वादच नको."

मी म्हणालो, "हाव."

"शब्द?"

"शब्द."

आमच्याकडं उतरणाऱ्यानं आपली दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, एखाद्या नव्या चालवणाऱ्याच्या स्टेअरिंगला बांधायची, अशी रीत आहे. एकदा बांधली की पुन्हा गादीवर बसायचं नाही. त्या स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, इवायांचा दुसरा. इवायांनी माईक घेतला आणि म्हणाले, "आजपासून मी आणि माझे इवाई, दोघंही ही गादी सोडायलाव." त्यांनी दस्ती सोडून एका नव्या चालवणाऱ्याच्या स्टेअरिंगला घट्ट गाठ मारली. लोकांचे डोळे भरून आले. मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

आता इथं माझ्या गावची पोरं ओरडली, "आणखी एकदा! आणखी एकदा!" माझी दस्ती खांद्यावर होती. हात तिच्याकडं गेला होता, हे देवाशपथ खरं. पण तोंडातून निघालं ते असं, "इवायांनी लई मोठं मन दाखवलं. माझ्याबाबतीत गावानं ठरवावं."

गावानं तिथल्या तिथं ठरवलं. पोरांनी मला उचलूनच घेतलं. पुढाऱ्यांची इतकी भाषणं ऐकली, त्यातून मी काही शिकलो असेन तर एवढंच.

निघताना इवाई फक्त म्हणाले, "लेक मातर चांगली दिली तुम्ही. तेवढं बरंय."

घरी बायको म्हणाली, "लेक त्यांच्या घरात हाय, एवढं तरी ध्यानात ठेवायचं होतं."

पुढच्या हंगामात एका स्पर्धेला गेलो तर माईकवर इवाई. दस्ती बांधलेल्या माणसानं काय करायचं, म्हणून आयोजकांनी त्यांना निवेदक केलं होतं. मी गादीवर चढलो आणि कर्ण्यातून आवाज आला, "आले, इवाई आले! बुडाखाली उशी घेतलीय का बघा रे. घेतलीय! गावानं ठरवलंय मनून बसायले, न्हाईतर त्यांची इच्छा न्हाई बरं का!" अख्खं रान हसलं. मी ट्रॉली मागं घेतोय आणि हे सुरूच, "डावं चाक चाललं फक्कीकडं. इवाई, फक्की हाय ती, भाकरीचं पीठ न्हाई! आता वीतभर राहिली... सावरलं, सावरलं, म्हातारं सावरलं!"

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कारण तोवर माझी मान डावीकडं वळायची बंद झाली होती.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मधल्या काळात कंधारकडच्या एका स्पर्धेत मी ट्रॉलीनं मंडपाचा खांब पाडला होता. वरचा शुभेच्छांचा फलक खाली आला आणि ज्याचा फोटो होता त्याच्याच डोक्यावर पडला. मी सांगितलं, ब्रेक लागला नाही. लोकांना ते पटलं. नांदेडच्या डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला होता. तो मी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, ग्रीसच्या डब्याखाली ठेवला. बायकोनं डावीकडून हाक मारली की मी अख्खाच्या अख्खा वळायचो. ती म्हणायची, "तोफ फिरवल्यासारखं काऊन वळता?" मी म्हणायचो, "तुझ्याकडं नीट बघावं मनून."

तर माईकवरच्या त्या टोमण्यांत माप होतं. इवाई मुळात चालवणारेच. ते वीत म्हणाले की वीतच असायची, चार बोटं म्हणाले की चार बोटं. मी मान उजवीकडं ठेवायचो, डावी बाजू कानानं बघायचो. लोक म्हणायचे, एवढा अपमान होऊनही काय शांत डोक्यानं चालवतोय! माझं सगळं लक्ष अपमानाकडंच होतं. एकही शब्द सुटता कामा नये. मी पुन्हा जिंकायला लागलो. पुढं पुढं तर स्पर्धेचं निमंत्रण आलं की आधी विचारायचो, "निवेदनाला कोण हाय?" इवाई नसले तर मला ताप यायचा.

ज्या माणसाला भर मैदानात फसवलं, त्याच्याच आवाजावर ढाली आणत होतो. लाज वाटायची. ढाल शोकेसमध्ये ठेवेपर्यंत वाटायची, मग जायची.

लोहा तालुक्यातली ती स्पर्धा उन्हाळ्यातली. माझा नंबर येईपर्यंत दिवस कलला होता. इवाई रंगात होते. "इवाई निघाले! सावकाश, कुणाला घाई न्हाई, यमालाबी न्हाई! डावीकडं हातभर जागा... आता वीत... इकडं घ्या, इकडं... वा!" मी अर्ध्याच्या पुढं आलो होतो. ट्रॉली सरळ चालली होती. आणि आवाज बंद झाला.

मला वाटलं स्पीकर गेला. पण कर्ण्यातून घरघर येत होती, इवायांचा श्वासही ऐकू येत होता. माईक सुरू होता. इवाई बोलत नव्हते.

मी क्लच दाबला, ब्रेक दाबला. लोक ओरडायला लागले, "घ्या की मागं! काऊन थांबलाव?" इंजिन धडधडत होतं. शेवटची रेघ उजवीकडून मला दिसत होती, अगदी जवळ. मी मनात म्हणालो, आतापर्यंत सरळ आलीय, पुढंही सरळच जाईल. आणि मी ब्रेकवरचा पाय अर्धा उचलला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाय उचलला होता.

तेवढ्यात माईकवर इवाई मोठ्यानं म्हणाले, "थांबा! गाडी हलवू नका! इवायांच्या इंजिनात एअर धरलीय!"

डिझेलच्या नळीत हवा अडकून इंजिन बंद पडतं, त्याला एअर धरणं म्हणतात. माझं इंजिन तर ठणठणीत चालू होतं. मी नॉब ओढून ते बंद केलं, म्हणजे एअर धरल्यासारखं दिसावं. मग खाली उतरून डावीकडं गेलो. ऊन तिरपं झालं होतं, कडेच्या चिंचेची सावली सरकून फक्कीच्या आत आली होती, आणि सावलीबरोबर तिच्यात बसलेल्या बायाही आत सरकल्या होत्या. सगळ्यात पुढं माझी बायको. हातात भज्यांचा कागद. ट्रॉलीच्या फळीला तिनं दुसरा हात लावला होता, जणू ती अडवणारच होती.

"मी हाका मारायले न् तुमी येऊनच राहिले," ती म्हणाली. "एवढी मोठी बाई दिसली न्हाई व्हय?"

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मानेकडं पाहिलं, आणि एक भजं माझ्या हातावर ठेवलं.

इकडं मिस्त्री पळत आला. त्यानं बॉनेट उघडलं, पाना लावला, डिझेल सांडलं, आणि कपाळावरचा घाम पुसत जाहीर केलं, "लई एअर होती. काढली." जी नव्हतीच ती त्यानं काढली. मग आयोजक म्हणाले, "बिघाड झाला होता, तुमची चूक न्हाई. पुन्हा पहिल्यापासून घ्या." इवायांच्या खोट्यानं मला पुन्हा संधी मिळाली होती. ते स्टेजवरून खाली येऊन उभे होते. माईक बंद करून खाली धरलेला. माझ्याकडं बघत होते.

मी गादीकडं पाहिलं. चढावंसं वाटत होतं, अजूनही. मग म्हणालो, "आता नको. घरी म्हशी पिळायच्यात."

"अवं, ढाल तुमचीच हाय!"

"म्हशी खोळंबल्यात."

गर्दीतला कुणीतरी शहाणा ओरडला, "बघा! नव्या पोरांसाठी हातातली ढाल सोडली!" आणि टाळ्यांचा पाऊस पडला. माझी दस्ती काढून कुणी कुणाच्या स्टेअरिंगला बांधली, मला आजही माहीत नाही. माझ्या निवृत्तीची गोष्ट लोक सांगतात, ती ही.

नंतर रसवंतीवर इवायांच्या समोर बसलो. रसाचा ग्लास हातात घेऊन विचारलं, "बोलायचं काऊन बंद केलं?"

"मला दिसंना गेलं. बाया आडव्या आल्या. दिसत न्हाई तर बोलू काय?"

"अंदाजानं बोलायचं की."

"अंदाजानं?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "इवाई, माझं चालवणं ज्या दिवशी अंदाजानं व्हायलं ना, त्या दिवशी मी दस्ती सोडायचं ठरवलं. एकट्यानं उतरायची लाज वाटली मनून तुम्हाला संग घेत होतो."

मी विचारलं, "माझ्या मानेचं कधी कळलं?"

"खांब पाडला तवाच. ब्रेक लागला न्हाई मनं! मागचे लाल दिवे पेटलेले अख्ख्या कंधारानं बघितले."

"मग सांगायचं की मला."

"तुम्हाला? शब्द देऊन माईकवर फिरले तुम्ही. तुम्हाला सांगून काय व्हणार? मनलं, जोवर दिसायलंय तोवर बोलत राहू." मग हसून म्हणाले, "पण म्हशी? तुमच्याकडं म्हशी कुठं हायत?"

नव्हत्याच. आधीच विकून मोकळा झालो होतो. पण गोष्ट गावात पोचली आणि लोक घरी यायला लागले. ढाल सोडून ज्या म्हशींसाठी आला, त्या कुठं आहेत म्हणून विचारायचे. बायको म्हणायची, "दाखवा की त्यांना म्हशी. मीबी बघते." शेवटी बाजारात जाऊन एक घ्यायचं ठरलं. पारख करायला इवायांना बोलावलं.

त्यांनी एका म्हशीच्या जबड्यात हात घालून दात बघायला सुरुवात केली. मला वाटलं, आता त्यांना तिकडंच बघावं लागणार, माझ्या तोंडाकडं नाही. म्हणालो, "इवाई, त्या दिवशी माईकवर मी जे बोललो ना..."

"मागं सरका. ही लात मारंल."

मी मागं सरकलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. दात बघून कधीच झाले असणार, पण माझं सांगून संपेपर्यंत त्यांनी म्हशीच्या तोंडातून हात काढला नाही.